पाच खण, चार घोडे

'बार्न'ला मराठीत काय म्हणायचं, इथं मी कित्येक वर्षं अडलेली आहे. शब्दकोश 'कोठार' म्हणून मोकळे होतात. पण कोठारात धान्य तयार होऊन येतं, बार्नमध्ये ते तयार व्हायचं. आपल्याकडे सुगी झाली की शेतात जागा सारवून खळं करायचं, मधे तिवडा रोवायचा, त्याभोवती बैल फिरवायचे आणि वारा सुटला की तिवईवर उभं राहून पाटीतलं धान्य वरून सोडायचं. भुसा उडून जातो, दाणे पायाशी पडतात. हे सगळं उघड्यावर चालतं, कारण दिवाळीनंतर पाऊस सहसा तोंड दाखवत नाही. इंग्लंडच्या शेतकऱ्याला असा भरवसा बाराही महिने नव्हता. त्यानं काय केलं, अख्खं खळंच छपराखाली नेलं. बार्न म्हणजे घरात आणलेलं खळं, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मी इंग्लंडच्या मधल्या भागात, जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करते. दर वर्षी एखादं तरी गिऱ्हाईक येतं, ज्यानं जुनं शेतघर विकत घेतलेलं असतं, आवारात तीनशे-साडेतीनशे वर्षांचा एक बार्न असतो आणि त्यात घोडे बांधायचे असतात. त्यांना वाटतं, यात परवानगी ती कसली? शेतावरची इमारत आहे, घोडा जनावर आहे, बांधला. नातेवाईकांना माझं काम समजावून सांगताना मला हेच उदाहरण सगळ्यात सोपं पडतं, म्हणून इथंही तेच घेते.

आधी बार्न कसा असतो ते पाहू. लांबट आयत, मधोमध समोरासमोर दोन प्रचंड दारं. एक इतकं उंच की पेंढ्यांनी लादलेली गाडी थेट आत यावी. या दोन दारांमधली जमीन म्हणजे खळं, कधी ओकच्या फळ्यांची, कधी विटांची, कधी नुसती चोपलेली माती. हिवाळाभर मजूर तिथं काठीला चामड्यानं जोडलेल्या दुसऱ्या काठीनं पेंढ्या झोडपत. उपणायच्या वेळी दोन्ही दारं उघडली की आरपार झोत येई आणि भुसा घेऊन जाई. म्हणजे दारांची जागा शोभेसाठी ठरलेली नाही, वाऱ्यासाठी ठरलेली आहे. खळ्याच्या एका अंगाला न झोडपलेल्या पेंढ्या, दुसऱ्या अंगाला झोडपून झालेला पेंढा. भिंतीत खिडक्या नाहीत, फक्त उभ्या अरुंद फटी, पेंढ्या कुजू नयेत म्हणून. आणि त्रिकोणी भिंतीत वर, शेंड्याजवळ एक भोक. ते घुबडासाठी. धान्य आलं की उंदीर आले, उंदीर आले की घुबड हवं.

मुंबईहून लंडनला येणाऱ्यांना असा बार्न बघायला लांब जायची गरज नाही. हीथ्रोच्या कुंपणाच्या उत्तरेला हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे, तिथं १४२६ साली बांधलेला बार्न अजून उभा आहे. लांबी ५८ मीटर, बारा खण, ओकच्या खांबांच्या दोन रांगा. आत गेलं की एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपात उभं राहिल्यासारखं वाटतं आणि डोक्यावरून विमानं जात असतात. एसेक्समध्ये क्रेसिंग टेंपलला तर तेराव्या शतकातले दोन आहेत, एक जवाचा आणि एक गव्हाचा. आपल्या गिऱ्हाइकांचे बार्न इतके थोर नसतात. पण रचना तीच.

मग मळणीयंत्र आलं. अठराव्या शतकाच्या शेवटी ते निघालं आणि १८३० मध्ये दक्षिण आणि पूर्व इंग्लंडातल्या मजुरांनी रात्री फिरून ही यंत्रं फोडली, कारण त्यांची हिवाळ्यातली रोजी त्यानं हिरावली होती. मजुरांना काय मिळालं तो वेगळा विषय. बार्नचं काम मात्र तिथून संपत आलं. आता तर कापणी आणि मळणी शेतातच एका यंत्रात होते आणि ते यंत्र जुन्या दारातून आतही येत नाही. तेव्हा इमारत भक्कम आहे, देखणी आहे आणि बिनकामाची आहे. बिनकामाच्या इमारतीवरचं एक कौल सरकलं तर ते कुणी बसवत नाही, हे वाडे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

यादीत असणं म्हणजे काय

इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींची एक राष्ट्रीय यादी आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबनं अर्धवट पडलेल्या इमारतींतलं काय वाचवायचं, या प्रश्नातून तिला गती आली आणि १९४७ च्या नगररचना कायद्यानं तिला बैठक मिळाली. आज तीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. १७०० च्या आधीचं, बऱ्यापैकी मूळ रूपात उरलेलं जवळजवळ सगळं यादीत आहे. दर्जे तीन: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदी शेवटच्या दर्जातल्या आणि आपल्या गिऱ्हाइकाचा बार्नही बहुधा तिथलाच. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींना एक, दोन-अ, दोन-ब, तीन असे दर्जे आहेत आणि तिथं तिसऱ्या दर्जाला जरा ढील मिळते. ती सवय इथं घेऊन येऊ नये. ग्रेड टू म्हणजे 'फक्त दर्शनी भाग सांभाळा' असं अजिबात नाही. इमारत आतून-बाहेरून, जमिनीसकट, खुंटीसकट यादीत असते.

बार्नचं नाव यादीत नसलं तरी सुटका होईलच असं नाही. शेजारचं शेतघर यादीत असेल आणि बार्न त्याच्याच आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभा असेल, तर तोही संरक्षित धरला जाऊ शकतो. एका गिऱ्हाइकाला हे कळलं तेव्हा त्यांनी यादीची छापील प्रत माझ्यासमोर आपटून विचारलं होतं, "यात कुठं लिहिलंय बार्न?" लिहिलेलं नसतं. तेच तर.

यादीतल्या इमारतीचं रूप बदलेल असं काहीही करायचं तर 'लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट' नावाची संमती लागते. ती देते स्थानिक कौन्सिल. अर्जाला फी नाही. विनासंमती काम करणं हा थेट फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, आणि दंडाला वरची मर्यादा नाही. 'मला माहीतच नव्हतं' हा बचाव चालत नाही. शिवाय साधं बेकायदा बांधकाम काही वर्षांनी जुनं होऊन सुटतं, तसं इथं सुटत नाही. आधीच्या मालकानं चाळीस वर्षांपूर्वी फोडलेली भिंत पूर्ववत करा, अशी नोटीस आजच्या मालकाच्या हातात पडू शकते. म्हणून घेण्याआधी बघा, हे मी सगळ्यांना सांगते. ऐकतात कमी.

ही झाली एक परवानगी. दुसरी आहे वापर बदलण्याची, आणि तिच्यातली गंमत मला फार आवडते. इंग्लंडच्या कायद्यात 'शेती'च्या व्याख्येत जनावर पाळणं येतं. जमीन कसायला वापरलं जाणारं जनावरही येतं. म्हणजे नांगराचा घोडा हा शेतीत. रपेटीचा घोडा शेतीत नाही. पण तोच रपेटीचा घोडा शेतात नुसता चरत असेल तर ती जमीन चराऊ, म्हणजे पुन्हा शेती. त्याला मुख्यतः बाहेरून आणलेला चारा घालून, खरारा करून, शौकासाठी ठेवला की वापर बदलला. बार्नमध्ये नांगराचे घोडे होते तोवर कुणी काही विचारलं नसतं. मुलीच्या तट्टासाठी मात्र प्लॅनिंग परमिशन काढावी लागते. शेतावरच्या इमारतींच्या काही बदलांना इथं सोपी, झटपट वाट आहे, पण यादीतल्या इमारतींना ती बंद.

इतकं ऐकून गिऱ्हाईक खचतं. तेव्हा मी सांगते की बार्नमध्ये राहायचं घर करण्यापेक्षा पागा करायला संमती मिळणं सोपं असतं, आणि त्यात न्यायही आहे. घराला खिडक्या लागतात, माळे लागतात, न्हाणीघर लागतं, ऊब लागते. खिडक्यांसाठी भिंती फोडायच्या, उबेसाठी त्या आतून झाकून टाकायच्या, आणि बार्नचं जे खरं रूप, म्हणजे जमिनीपासून आढ्यापर्यंतची ती एकसंध पोकळी, तिचे खोल्यांत तुकडे करायचे. घोड्याला यातलं काहीही नको. त्याला कोरडी जमीन हवी, डोक्यावर उंची हवी आणि भरपूर हवा हवी. थंडीची त्याला फिकीर नसते, कोंदटपणाची असते. बार्नलाही नेमकं हेच हवं असतं.

भांडण होतं ते घोड्याच्या मुतावरून, टापांवरून आणि दातांवरून.

कागदावर एक बार्न

आमच्या एका गिऱ्हाइकाचा साधा बार्न कागदावर काढू. पाच खण, प्रत्येक खण ४.८ मीटरचा, म्हणजे लांबी २४ मीटर. आतली रुंदी ६.२ मीटर. मधला खण खळ्याचा, त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खण. मालकीणबाईंना आठ घोडे ठेवायचे आहेत. मनातल्या मनात त्यांनी दोन रांगा केल्या आहेत, चार इकडे, चार तिकडे, मधून वाट.

ब्रिटिश हॉर्स सोसायटीची शिफारस अशी: साधारण घोड्याला ३.६५ मीटर लांब-रुंद ठाण, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट. मोठ्या तट्टाला ३.०५ बाय ३.६५. आतल्या वाटेची रुंदी किमान ३ मीटर. आता मांडा. दोन रांगा म्हणजे नुसती ठाणंच सात मीटरच्या वर गेली. बार्न संपला. एकच रांग केली तर? मागच्या भिंतीपासून १५ सेंटिमीटर सोडायचे, त्याचं कारण पुढं येईल, मग ३.६५ चं ठाण, उरली २.४ मीटर वाट. घोडाच नाकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ तेवढा. त्या वाटेत तो वळायचा कसा?

ठाणाची खोली ३.०५ केली की वाट बरोबर ३ मीटर उरते. रुंदीला कमी पडलेलं लांबीत भरून काढायचं: खण ४.८ चा आहे, तेव्हा ठाण साडेचार मीटर लांब. एका खणात एक घोडा. तोही धिप्पाड शिकारी घोडा नको, तट्टू किंवा मध्यम बांध्याचा. चार खणांत चार. मधला खण मोकळाच ठेवायचा, कारण खळं ही या इमारतीची नाभी आहे. घोड्यावर खोगीर तिथं चढवा, नाल ठोकणारा आला की त्याला तिथं उभा करा, पण भिंत घालू नका.

आठाचे चार झाले. पण हिशेब नीट बसला आहे, कारण दोन ठाणांमधली आडभिंत आपोआप जुन्या खांबाच्या रेषेत आली. आत पाऊल टाकणाऱ्याला पाच खण अजून पाचच दिसतात. कौन्सिलचा कॉन्झर्वेशन ऑफिसर आला की तो पहिल्यांदा हेच बघतो. माझ्या अनुभवात हे लोक खाष्ट असतात हा निव्वळ बोलबाला आहे. त्यांना काय मोडणार आहे ते आधी सांगितलं तर ते ऐकून घेतात. लपवलं तर मात्र तुमची पुढची दोन वर्षं गेली.

मालकीणबाईंची दुसरी कल्पना सगळ्यांचीच असते: बाहेरच्या भिंतीत ओळीनं अर्धी दारं, प्रत्येक दारातून घोड्याचं एक तोंड बाहेर. चित्रात छान दिसतं. त्यासाठी तीन-साडेतीनशे वर्षांच्या भिंतीला चार भगदाडं पाडावी लागतात, आणि खांबांना बांधून ठेवणारी तिरकी लाकडं नेमकी तिथंच असतात. ही संमती मिळत नाही. मिळू नये, असंही माझं मत आहे. घोड्यांची तोंडं आतल्या वाटेकडे ठेवायची.

न शिवता बसवायचं

कामाची सगळी युक्ती या एका गोष्टीत आहे. ठाणाच्या भिंती, कवाडं, जाळ्या, सगळं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. जुन्या खांबात एक खिळासुद्धा नाही. लोखंडी चौकट, तिच्यात ओळीनं फळ्या, खाली सुमारे १.२ मीटरपर्यंत लाथेचा मार खातील अशा जाड, वर जाळी, म्हणजे घोड्यांना एकमेकांची तोंडं दिसतात आणि हवा फिरते. डोक्यावर छत घालायचं नाही. उद्या कुणाला पागा नको झाली तर दोन माणसांनी पाना घेऊन ती सोडवावी आणि मागे भोकसुद्धा राहू नये. अर्जात या गुणाला फार वजन असतं, कारण संमती देणाऱ्याला पुढच्या शंभर वर्षांचा विचार करायचा असतो आणि घोडे काही शंभर वर्षं टिकत नाहीत.

खांबाला हात का लावू देत नाहीत हे एकदा बॅटरीच्या उजेडात पाहिलं की पटतं. ओक ओला असतानाच तासायचे, आधी जमिनीवर आडवा सांगाडा जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीनं खूण करायचे, मग सगळं सुटं करून जागेवर उभं करायचे. त्या खुणा अजून दिसतात: एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. रोमन आकड्यांसारख्या, पण चारला चार उभ्या रेघाच, कारण पटाशीनं सरळ रेघ मारणं सगळ्यात सोपं. सांध्यातून आरपार गेलेली खुंटी एका बाजूनं बोटभर बाहेर असते. मला एकदा एका खांबावर थेंबाच्या आकाराचे पाच-सहा जळके डाग दिसले. वाटलं, दिवा खूप जवळ टांगला असेल. बरोबरच्या सुतारानं सांगितलं, हे मुद्दाम केलेले असतात. मेणबत्तीनं थोडंसं जाळून ठेवायचं, म्हणजे पुढे इमारतीला आग लागत नाही, अशी समजूत. आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो, त्यातलाच प्रकार. आता अशा खांबावर घोड्याला दात चालवू द्यायचा का? रिकामटेकडा घोडा लाकूड कुरतडतो, ही त्याची खोड. म्हणून त्याचं तोंड पोचेल तिथं खांबाला वेगळ्या फळ्यांचं कुंपण असतं, खांबाला न टेकणारं. जुन्या दारांना रंग असेल तर तोही तपासायचा. त्यात शिसं असू शकतं आणि ते घोड्याच्या पोटात जातं.

आता भिंतीपासून सोडलेल्या १५ सेंटिमीटरचं कारण. जुनी वीट मऊ, तिच्यामधला चुना त्याहून मऊ. अशी भिंत पाणी पिते आणि सोडतेही, रोज थोडं थोडं. एखाद्यानं दरजांत सिमेंट भरलं की पाणी सिमेंटमधून निघत नाही, विटेतून निघायला बघतं, आणि थंडीत गोठून विटेचं तोंड उडवतं. जमिनीवर सलग काँक्रीट ओतलं तरी तेच, खालची ओल सरकत सरकत भिंतीच्या पायात जाते. विसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक बार्नवर यातला एक तरी उपचार झालेला आहे. त्याच काळातली छपराची करडी पत्र्यासारखी तक्तपोशी दिसली तर थांबा, तीत ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती हातोडीनं फोडायची नसते.

त्यात घोड्याचं मूत. त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, तो डोळ्यांत चुरचुरतो, आणि जे भिंतीत मुरतं त्याचं हळूहळू क्षारात रूपांतर होतं. मराठीत आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. पांढरी पूड दिसते, ती नुसती वर नसते. क्षाराचे स्फटिक विटेच्या आत वाढतात आणि वीट आतून भुगा होते. हा लोणा म्हणजे बराचसा शोराच, बंदुकीच्या दारूतला. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजाची माणसं हुकूम घेऊन लोकांच्या तबेल्यांची आणि कबुतरखान्यांची जमीन खणत फिरायची, त्या मुतानं भिजलेल्या मातीतून शोरा काढण्यासाठी. लोक वैतागलेले असायचे. पुढे बिहारमधला शोरा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मिळू लागला आणि इंग्रज शेतकऱ्याच्या तबेल्याची जमीन सुटली.

तर ठाणाची मागची बाजूही स्वतंत्र फळ्यांची, भिंतीपासून हातभर दूर नाही तरी वीतभर दूर. खाली जमिनीला ६० ला १ च्या आसपास उतार, भिंतीकडे नाही, वाटेकडे. खाली जुनी खळ्याची जमीन सापडली तर ती उखडायची नाही, तिच्यावर श्वास घेईल असा थर घालून वर विटा किंवा रबरी गाद्या. गटार खोल खणायचं ठरलं तर पुरातत्त्वाचा माणूस उभा राहू शकतो, म्हणून खणूच नका. भरपूर पेंढा टाका, रोज उचला. पूर्वीचे मोतद्दार तेच करत.

हवेबद्दल थोडं. मालक लोक घोड्याला थंडी वाजेल म्हणून फटी बुजवतात. याच्याइतकी वाईट दया नाही. घोड्याची फुप्फुसं धुळीला आणि बुरशीला फार नाजूक असतात, कोंदट जागेत सुक्या गवताची धूळ ओढून त्याला दमा जडतो. बार्नच्या उभ्या फटी, भिंतीच्या फळ्यांमधल्या चिरा, कौलांखालची जागा, हे सगळं पेंढ्यांसाठी केलेलं वायुवीजन घोड्याला आयतं मिळतं. घोड्याच्या अंगाची ऊब हवेला वर ढकलते, ती आढ्याकडून बाहेर जाते, खालून ताजी येते. फुकटचा पंखा. तो बंद करू नका. आणि वर माळा करून गवत साठवायचं नाही. एक तर धूळ सरळ घोड्याच्या नाकात, दुसरं म्हणजे ओलसर गवत गंजीत आतून तापतं आणि आपोआप पेटतं. वूस्टरशायरमध्ये ब्रेडनचा चौदाव्या शतकातला बार्न १९८० मध्ये आगीनं जळाला होता. नंतर तो पुन्हा उभा केला, पण प्रत्येकाचं नशीब तसं नसतं. गवताची शेड वेगळी, लांब. विजेच्या तारा लोखंडी नळीत, उंदरांचा दात लागू नये म्हणून. खळ्याची दोन्ही दारं आतून सहज उघडतील अशी, कारण आगीत तेच दोन रस्ते.

जे आधीच राहतात त्यांचं काय

बार्न रिकामा आहे असं मालकाला वाटतं. इंग्लंडमध्ये वटवाघळांच्या सगळ्या जातींना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणंच नाही, त्यांची बसायची जागा बिघडवणं हाही गुन्हा, ती त्या क्षणी रिकामी असली तरी. नॅटरर नावाचं एक छोटं वटवाघूळ तर जुन्या बार्नमधल्या लाकडाच्या रिकाम्या खाचांत राहतं. कधीकाळी तिथं दुसरं लाकूड बसलेलं होतं, ते निघालं, आणि उरलेल्या भोकात हे अंग दुमडून बसतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. खाली लेंड्या दिसतात, उंदराच्या म्हणून झाडल्या जातात. फरक असा की वटवाघळाची लेंडी बोटांत चुरगाळली की भुगा होते, त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात.

त्यामुळे सर्वेक्षण लागतं आणि ते मे ते ऑगस्टच्या संध्याकाळी करायचं असतं, माणसं बाहेर उभी राहून कोण कुठून उडतं ते मोजतात. ज्याला सप्टेंबरात पागेची कल्पना सुचते त्याचं वर्ष इथंच जातं. वटवाघळं निघाली तरी काम अडत नाही, नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेकडून परवाना काढायचा, कामाचे महिने बदलायचे, एक-दोन कोपरे राखायचे. छपराखाली आधुनिक कापडी पडदा घालायचा नाही, त्याचे धागे सुटतात आणि त्यात वटवाघळांची नखं अडकून ती मरतात. तिथं जुन्या पद्धतीचं डांबरी कापड वापरतात. मालकीणबाई या सगळ्यावर चिडल्या होत्या. मग त्यांना सांगितलं की हे प्राणी रात्रभर घोड्यांना चावणारी चिलटं खातात. तेव्हा जरा निवळल्या.

अर्जाचं कागदकाम फार सांगत बसत नाही. इमारतीत महत्त्वाचं काय आणि आपण त्याला काय करणार हे लिहिलेलं निवेदन, मोजून काढलेले नकाशे, सांगाड्याची तपासणी, वटवाघळांचा अहवाल. निर्णयाची मुदत आठ आठवडे, प्रत्यक्षात जास्त धरा. संमती मिळाल्यावर तीन वर्षांत काम सुरू करायचं. आधी पैसे भरून कौन्सिलशी सल्लामसलत करता येते. त्या पैशाला कंजूषी करू नये.

खरा वाद पुष्कळदा बार्नच्या बाहेर होतो. घोडा एकटा येत नाही. त्याच्यामागून वाळूचं रिंगण येतं, त्यावर दिवे येतात, घोडा वाहून न्यायची गाडी येते, पांढरं कुंपण येतं, लिदीचा ढीग येतो. एक घोडा दिवसाला वीसेक किलो लीद-मूत टाकतो. चार घोड्यांचा महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. ढीग ओढ्यापासून किमान १० मीटर आणि विहिरीपासून ५० मीटर लांब हवा, आणि बार्नच्या भिंतीला टेकून तर अजिबात नको, भिंतीला लोणा लागण्याची कथा आठवा. इमारतीच्या आसपासचा देखावाही कायद्यानं बघितला जातो. आत चार ठाणांना होकार देणारं कौन्सिल बाहेरच्या सहा प्रखर दिव्यांना नकार देतं, आणि वटवाघळंही त्याच बाजूला असतात.

मालकीणबाईंच्या बार्नचं काम झालं. चार ठाणं, दोन तट्टं, एक म्हातारी घोडी आणि एक गाढव, कारण घोडीला सोबत हवी होती. उरलेल्या घोड्यांसाठी त्यांनी शेताच्या कोपऱ्यात एक साधी लाकडी शेड घेतली, तिचा अर्ज वेगळा.

शेवटच्या नकाशावर मी हातानं एक टीप घातली होती, खळ्याच्या मोठ्या दारावरची चार बोटांची फट बुजवू नये. कंत्राटदारानं विचारलं, पाऊस येईल ना? येतो थोडा. पण एप्रिलमध्ये तिथून माळभिंगऱ्या आत येतात आणि तुळईवर मातीचं घरटं करतात. आपल्याकडे थंडीत विजेच्या तारांवर रांगेनं बसतात, तीच जात. इंग्लंडातल्या मात्र हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेला जातात आणि परत त्याच फटीतून येतात. घुबडाचं भोकही उघडंच ठेवलं आहे. अजून कुणी आलेलं नाही.